चूक मान्य न करता

शनिवार, आठ मार्च, सकाळचे साडेदहा. रक्कम : एका फोनमागे जास्तीत जास्त सत्तर पौंड. हजर : इंग्लंडमधल्या रीडिंगच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी आणि माझी बायको, नागपूरहून व्हिडिओ कॉलवर माझी आई आणि धाकटी बहीण. कॉल बहिणीच्या फोनवरून चालू होता. ज्या फोनबद्दल हे सगळं, तो आईच्या हातात होता आणि दोन तास चार्जिंगला लावून नुकताच जिवंत झाला होता.

हा फोन मी इथे विकत घेतला, काही वर्षं वापरला आणि सात वर्षांपूर्वी आईला दिला. ज्या कंपनीने तो बनवला तिचं नाव लिहीत नाही. लिहून तिचं काही बिघडणार नाही, माझं बिघडेल. तिने केलं ते इतकंच, की एका अपडेटमधून जुन्या फोनचा वेग गुपचूप कमी केला. फोन संथ झाला की माणूस वैतागतो आणि नवा घेतो. पकडली गेल्यावर तिने सांगितलं, की बॅटरी जुनी झाली की फोन अचानक बंद पडतो, ते टळावं म्हणून हे केलं, म्हणजे आमच्याच सोयीसाठी. गवळ्याने दुधात पाणी घालावं आणि सापडल्यावर सांगावं की तुमच्या पचनासाठी घातलं, त्यातला हा प्रकार. फरक एवढाच, की गवळी सांगताना निदान नजर चुकवतो.

मग ग्राहकांच्या वतीने एक सामूहिक दावा झाला, वर्षानुवर्षं चालला, वकिलांची मुलं त्यावर शिकली असतील, आणि शेवटी तडजोड झाली. ज्याने त्या काळात या देशात तो फोन विकत घेऊन वापरला, त्याने फॉर्म भरायचा.

मला हे कळलं आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांकडून. त्यांनी पाच फोन लिहिले होते. त्यांतले दोन त्यांचे होते. उरलेले तीन पाहुण्यांचे, जे त्या फोनसकट कधीच भारतात परत गेले होते.

"तूही लिही ना चार-पाच," ते म्हणाले. "सीरियल नंबर मागवून घ्यायचे. कोण बघायला येतंय?"

मी म्हटलं, माझा एकच होता.

"मग एकाचेच मिळतील," ते म्हणाले, जणू मी परीक्षेत नापास झालो होतो.

आता आईबद्दल. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. एकतीस वर्षं नोकरी. समोर दिव्यांचा बोर्ड, कानाला हेडसेट, दोन्ही हातांत दोरीच्या पिना. दिवा लागला की पिन घालायची, नंबर जोडायचा, तिकिटावर वेळ लिहायची, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून वेळ संपल्याचं सांगायचं. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर ड्यूटीवर गेलो होतो. तिची पर्यवेक्षक मला म्हणाली होती, तुझ्या आईच्या बोर्डावर दिवा लागलेला मी अजून पाहिला नाही, विझलेलाच दिसतो.

अशा बाईला मी तो फोन दिला आणि वर्षभरात ठरवलं की तिला फोन उचलता येत नाही.

व्हायचं असं. मी कॉल करायचो. ती पडद्यावर बोट सरकवायची. काहीच व्हायचं नाही. ती पुन्हा बोट ठेवायची. तोवर पडद्याला जाग यायची आणि तो दोन्ही हुकूम एकदम पाळायचा : पहिल्याने कॉल उचलायचा, दुसऱ्याने कापायचा.

"आई, तू कापतेस."

"मी नाही कापत. तो कापतो."

"तुझी बोटं कोरडी पडली असतील. या वयात होतं तसं. जरा ओली करून बघ."

ती बोटं ओली करून बघायची. हे मी तिला दोन वर्षं करायला लावलं.

पुढे पेन्शनच्या खात्याचं आलं. बँकेचा ओटीपी यायचा आणि मेसेज उघडेपर्यंत त्याची मुदत संपायची. तीनदा खातं लॉक झालं. तेव्हा मी रीडिंगमध्ये बसून निकाल दिला, की आईचं कार्ड आणि पासबुक बहिणीकडे राहील आणि आईला बटणांचा साधा फोन मिळेल. बहिणीने फक्त अंमल केला. ती प्रेमळ आहे. आईने दोन हजार मागितले की ती प्रेमाने विचारायची, "कशाला गं?" आई काय कशाला ते सांगायची. एकतीस वर्षं पगार घेतलेली आणि नंतर स्वतःची पेन्शन घेणारी बाई भाजीचा हिशेब सांगायची.

तर शनिवारी साडेदहा वाजता आम्हाला फोनचा सीरियल नंबर हवा होता. एका फॉर्मसाठी, एवढंच मी नागपूरला सांगितलं होतं. खोकं नागपूरला, पण त्यावरचं लेबल आईने कधीच खरवडून काढलेलं आणि आत शिवणाची बटणं भरलेली. म्हणून नंबर फोनच्या सेटिंगमधूनच वाचायचा होता.

"सेटिंग दाब," बहीण म्हणाली.

"दाबलं."

"उघडलं?"

"थांब. मोजते." आणि आईने, पडद्यावर बोट न ठेवता, मोठ्याने मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन." बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "नऊ. दहा. अकरा. उघडलं. अकरा सेकंद. लिहून घ्या, मेहरबान."

मग पुढचा पडदा. सात सेकंद. तिसरा, तेरा. मग तिने नंबर वाचला, जसा ती बोर्डावर वाचायची, अक्षरागणिक थांबून, जोडी आली की 'डबल' म्हणून, आणि शेवटी "रिपीट करा". मी रिपीट केला. एक अक्षर मी चुकलो. ती नाही.

फॉर्ममधला पुढचा प्रश्न होता : तुम्ही हा फोन वापरणं का थांबवलं? खाली तयार उत्तरांची यादी. मला माझं उत्तर आठवत नव्हतं, आणि आठवत नसताना मी काही लिहीत नाही. घरखर्चाची एक्सेल शीट मी एकवीस वर्षं ठेवली आहे. पन्नास पौंडांवरच्या प्रत्येक खरेदीला आणि घराबाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूला एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात कारण. ते साल उघडलं. दोन ओळी होत्या, एकाखाली एक, एकाच तारखेच्या.

नवा फोन, ६४९ पौंड. कारण : जुना फार संथ, कॉल वेळेत उचलला जात नाही.

जुना फोन आईला, ० पौंड. कारण : चालू स्थितीत, उत्तम.

बायकोने खांद्यावरून वाचलं. तिला आकड्यांत रस नाही, पण मजकूर ती नीट वाचते.

"एकाच दिवशी?" ती हळूच म्हणाली.

"हो."

"एकाच फोनबद्दल?"

मी फॉर्मचं पान पुढे आणलं.

"मग आईंची बोटं कोरडी कधी पडली? विमानात?"

"काय कुजबुज चाललीय तिकडे?" आई म्हणाली.

"काही नाही, फॉर्म भरतोय," मी म्हटलं.

यादीतलं "फोन संथ झाल्यामुळे" निवडलं, पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडला आणि फॉर्म पाठवला. पुरावा उत्तम होता. इतका प्रामाणिक पुरावा त्यांना क्वचितच मिळाला असेल. दुसरी ओळ जोडायची गरज नव्हती.

सप्टेंबरात पैसे आले. अठ्ठावन्न पौंड वीस पेन्स. सोबतच्या ईमेलमध्ये शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही रक्कम कोणतीही चूक मान्य न करता देण्यात येत आहे. ते वाक्य वाचून मला आलेला संताप मी बायकोसमोर चांगली दहा मिनिटं बोलून दाखवला. लबाडी करायची, पकडलं जायचं, पैसे फेकायचे आणि तरी मान खाली घालायची नाही. मंडळातल्या गृहस्थांना पाचही फोनचे मिळून दोनशे एक्याण्णव मिळाले होते. त्यांनी मला अभिनंदनाचा मेसेज पाठवला. कंपनी आणि ते, एकमेकांना शोभणारे.

बायको ऐकत भांडी पुसत होती. "मग आईंना काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पैसे पाठवतो. सगळे.

पाठवले. पाठवणावळ माझ्याकडून. नागपूरला सहा हजार पाचशे सोळा रुपये पोचले. दुसऱ्या दिवशी आईचा बटणांच्या फोनवरून मिस्ड कॉल आला, म्हणजे मी उलट करायचा.

"पैसे आले म्हणे. कशाचे रे?"

"त्या फोनचे. कंपनीनेच तो संथ केला होता."

"हे तुला मार्चमध्ये माहीत होतं?"

"हो."

"तेव्हा नाही सांगितलंस. मग आता हे काय आहे?"

"भरपाई."

"कंपनीनं चूक कबूल केली?"

"नाही. मान्य न करता दिलेत."

"आणि तू?"

मी म्हटलं, सगळी रक्कम तुलाच पाठवली आहे ना.

"म्हणजे तू पण कंपनीसारखाच," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे बघ, आमच्या खात्यात दर वर्षी गोपनीय अहवाल लिहायचे. त्यात कोणी वाईट शेरा मारला की बढती गेली. आणि तो शेरा तोंडी निघत नसतो. लेखी काढावा लागतो, आणि ज्याच्या ज्याच्याकडे प्रत गेली, त्याला नवी प्रत जाते. तू माझ्यावर शेरा मारलास. एक प्रत तुझ्या बहिणीकडे आहे, कार्डासकट."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. फोटो काढून बहिणीच्या फोनवर पाठवलं. लिहिलं होतं, की फोनमधील दोषामुळे आईच्या क्षमतेबाबत कदाचित गैरसमज झाला असावा.

अर्ध्या तासात उत्तर आलं, आईने बहिणीकडून टाइप करून घेतलेलं. "हे कंपनीचं पत्र आहे. गैरसमज कोणाचा? कदाचित काढा. असावा काढा."

दुसरं पत्र चार ओळींचं झालं. फोन संथ आहे हे देण्याच्या दिवशी मला माहीत होतं. तरी तो उत्तम म्हणून मी दिला. दोष फोनचा होता, मी तो आईवर ठेवला आणि तिचं खातं तिच्याकडून काढून घेतलं. ते चूक होतं. खाली सही, आणि सोबत शीटमधल्या दोन्ही ओळी. प्रत बहिणीला.

तिने फोन केला. "दादा, दोन्ही ओळी तुझ्याच? आणि मी तीन वर्षं आईला भाजीचा हिशेब विचारतेय तुझ्या सांगण्यावरून? धन्य आहेस." त्या संध्याकाळी तिने कार्ड आणि पासबुक आईच्या हातात दिलं. आईने पासबुकातल्या मधल्या वर्षांच्या नोंदी एकेक करून तपासल्या. बरोबर निघाल्या. बहिणीला त्याचं वाईट वाटलं. आई म्हणाली, तपासण्यात वाईट काय, तुझ्या भावाची कोणी तपासली असती तर बरं झालं असतं.

नवा फोन घेऊन देतो, असं मी म्हटलं. आईने नको म्हटलं. ती तो जुनाच फोन घेऊन चौकातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, मावशी, फोनला काही झालेलं नाही, बॅटरी बदलली की पळेल. बदलली. दुकानातच उभं राहून तिने सेटिंग उघडलं आणि मोजलं. एक म्हणायच्या आत उघडलं.

मला मिळाले : अठ्ठावन्न पौंड वीस पेन्स. आईला दिले : तेवढेच, रुपयांत सहा हजार पाचशे सोळा. त्यांतले बॅटरीसाठी दुरुस्तीवाल्याला : बावीसशे, आईने, स्वतःच्या कार्डावरून.