तळाचा मासा

गिरणी बंद पडल्यावर संताजीला कोणी काम देईना. रंगखात्यातला माणूस तो, बाहेर त्याचा उपयोग काय? शेवटी देपालपूरकडचं एक तळं अर्धेलीनं, निम्म्या वाट्यावर, मिळालं. माशांचं पहिलं पीक आता कुठे तयार झालं होतं.

मध्यंतरी माशांच्या अंगावर फोड आले. मत्स्यखात्यातल्या अमिताताईंनी अँटिबायोटिकची पूड कोंड्यातून द्यायला सांगितली. रंग पक्का बसावा म्हणून हौदात चिमूटभर जास्त टाकणारा संताजीचा हात. औषधही त्यानं जास्तच टाकलं. खाऊन उरलेला कोंडा तळाशी गेला. मासे बरे झाले, मासे न विकण्याची ताईंनी दिलेली मुदत सरली, पाणी नितळ दिसू लागलं.

आज श्रीराम टेंपो घेऊन आला होता. रंगखात्यातलाच जोडीदार, आता गिरणीच्या चाळीत गाडीवर मासे विकायचा. जाळं काठाशी ओढलं आणि संताजीनं पाहणीला आलेल्या ताईंना सहज जास्तीच्या पुडीचं सांगितलं.

ताईंनी जाळ्यात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, “वरच्या पाण्यातलं औषध उन्हानं विरतं, संताजीजी. गाळाला चिकटलेलं लवकर जात नाही, तिथं ऊन पोचतच नाही. कटला वर चरतो, तो न्या. मृगळ गाळच खातो. तपासल्याशिवाय तो नको.”

“अरे भिया,” श्रीराम वैतागला, “जाळ्यात बहुतेक मृगळच तर आहे! आपण जन्मभर रंगाचं पाणी प्यायलो, मेलो का? इतना मत सोच यार.”

संताजीला गिरणीमागचा नाला आठवला. गिरणी थांबली तसं पाणी स्वच्छ झालं होतं. पण काठी खुपसली की गाळ निळाच निघायचा. हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी इथं वरचं पाणी बघून निर्धास्त झाला होता.

“हा मृगळ पहिला कोण घेईल?” त्यानं विचारलं.

“चाळीतली जनाबाई, और कौन? नातवासाठी. रोज विचारते, संताजीचं तळं कधी निघणार.”

संताजी पाण्यात उतरला. कटले तेवढे टोपलीत टाकले आणि जाळ्याची कड खाली दाबली. मृगळ एकेक करून निसटू लागले.

श्रीराम शिव्या देत काठावर उभा राहिला. मग पँट दुमडून उतरला आणि दुसरी कड धरली. “हळू वाक, कमर जाईल तुझी. जनाबाईला काय सांगू?”

“सांग, तळ्यातच आहेत अजून.”

पाणी पुन्हा गढूळ झालं होतं.