ढोलासाठी ठेवलेलं कातडं

जतकडच्या आमच्या वाडीत हरणाबाईचा दरारा आहे. मेंढरं राखून हात राकट झालेले, जीभ त्याहून. सरपंचालाही ती "आरं, गप की" म्हणते आणि सरपंच गप बसतो. मी तिचा शेजारी. मीही तिची बोलणी खाल्ली आहेत. त्यातली निम्मी रास्त होती, हे कबूल करतो.

तिच्या डाव्या मनगटावर मोठा वण आहे. लग्न नवं असताना त्यांची एक शेळी नाकातून रक्त येऊन अचानक मेली. नवरा ज्ञानू शहाणा माणूस. फाशी हा जनावरांचा जीवघेणा रोग ओळखून त्यानं मटण कुणाला खाऊ दिलं नाही. चुना टाकून शेळी खोल पुरली. कातडं तेवढं आधी काढून ठेवलं. बिरोबाच्या जत्रेत धनगरांचा गजी नाच व्हायचा, त्यासाठी ढोल नव्यानं मढवायचा होता. दोघांनी मिळून कातड्याला मीठ चोळलं. आठवड्यात दोघांच्याही हातावर त्याच रोगाची काळपुळी उठली. हरणाबाई पोटुशी, म्हणून तिला आधी दवाखान्यात नेलं. इंजेक्शनांनी ती वाचली. ज्ञानू "मला काय धाड भरलीय" म्हणत घरी राहिला आणि गेला.

पोटातली ती पोर म्हणजे सोनम. पुण्यात जंतूंचं शास्त्र शिकली आणि या दिवाळीत नोकरीची बातमी घेऊन आली. परदेशातली प्रयोगशाळा. याच रोगाच्या जंतूची जनुकं बदलायची, तो कुठल्याच औषधाला दाद देणार नाही असा करायचा. उद्या शत्रूनं लढाईत असा जंतू सोडला तर तयारी हवी, म्हणून आधी आपणच करून बघायचा. मी तिथंच ओट्यावर चहा पीत होतो.

"म्हंजे मला दिल्याली इंजेक्शनं त्येच्यावर चालायची न्हाईत?" हरणाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग तू तरी जलमली आसतीस व्हय गं?"

"आये, तितं समदं कुलूपबंद आसतंय. लय बंदोबस्त."

"तुझ्या बापानं काय कमी बंदोबस्त केला व्हता? येक कातडं तेवढं ठिवलं. ते बी नाचासाठी, कुणाला माराय न्हाई. तुमी तर मानसं मारंल आसंच करून ठिवनार."

सोनम रडली. दुसऱ्या दिवशी तिनं नकार कळवला, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढं पुण्याहून सोनमचा फोन आला. तिच्या जागेवर दुसरी मुलगी लगेच मिळाली होती, कामही सुरू झालं होतं. हरणाबाईनं फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या पोरीला आई न्हाई का रं?"