आठ उंदरांचे डोळे आणि शिरोलीची नळी

"उंदराचा डोळा बघायला कोल्हापूरला चाललोय," असं मी घरी सांगितलं, तेव्हा बायकोनं पोळी लाटणं न थांबवता विचारलं, "आपल्या घरातला चालला नसता का?"

प्रश्न रास्त होता. पण बोलावणं स्नेहलचं होतं. मी गडहिंग्लजच्या शाळेत काही वर्षं संस्कृत शिकवत होतो तेव्हाची ही विद्यार्थिनी. रूपं घडाघडा म्हणायची, पैकीच्या पैकी गुण घ्यायची आणि त्या भाषेवर तिळमात्र प्रेम नाही हे तोंडावर सांगायची. पुढे ती जीवशास्त्राकडे गेली. आता कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत, डोळ्यातला पडदा हळूहळू विरत जाणाऱ्या आनुवंशिक आजारावर पीएच.डी. करते आहे. विषय तिनं पुस्तकातून निवडलेला नाही. तिचे मामा एसटीत वाहक होते. त्यांनी आधी रात्रीच्या फेऱ्या सोडल्या, मग संध्याकाळच्या, मग नोकरी.

"सर, शुक्रवारी बारावा आठवडा. शेवटची चित्रं काढणार. या की," असं ती फोनवर म्हणाली. बाराव्या आठवड्याचं महत्त्व मला कळलं नाही, पण "या की" मधल्या "की" ला नकार देता येत नाही. गुरुवारी सकाळी सात वाजता मी स्वारगेटला होतो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: एसटी घ्या, खिडकी घ्या आणि पाच तासांत पोचवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हा रस्ता रुंद होतो आहे आणि माझ्या आठवणीत तो कायम होतच आलेला आहे. साताऱ्याच्या पुढे वळणरस्ते इतके आले की गाडी कोल्हापूरकडे तोंड करून आहे की पुण्याकडे, हे उन्हावरून ठरवावं लागलं. मला साडेसहा तास लागले.

कराडला शेजारी एक पटकेवाले गृहस्थ बसले.

"पावणं, कुठवर?"

"कोल्हापूर."

"देवीला?"

"नाही, उंदरांकडे. त्यांचे डोळे तपासायचेत."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "चष्मा लावणार काय त्यास्नी?" एवढं विचारून त्यांनी मांडीवरची पिशवी पलीकडच्या मांडीवर घेतली. कागलपर्यंतचं तिकीट असूनही पेठनाक्याला ते पुढच्या बाकावर जाऊन बसले.

उतरायला मध्यवर्ती बस स्थानकाच्या आसपास साधी लॉज पुष्कळ आहेत. हजाराच्या आतबाहेर स्वच्छ खोली मिळते, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. जेवलो, अंघोळ केली आणि पाहुणा म्हणून जायचं तर मनगटावर थोडं वाळ्याचं अत्तर लावलं. ही चूक तुम्ही करू नका.

प्रयोगशाळेच्या दारातच स्नेहलनं नाक वर केलं. "सर, अत्तर?"

"वाळ्याचं आहे. शीतल असतं."

"धुऊन या. कोपरापर्यंत. अनोळखी वासानं उंदीर बिथरतात."

मी तिला वर्गाबाहेर कधी काढलं नव्हतं. तिनं मला तीनदा काढलं. तिसऱ्यांदा वास गेला, मग अंगात झगा, डोक्यावर टोपी, पायांत कापडी पिशव्या, असा सगळा सोहळा होऊन मी आत गेलो.

आत आठ उंदीर होते. गुबगुबीत, डोक्याकडून करडे, आणि माझ्यापेक्षा शांत. त्यांना जन्मतःच तो आजार आहे. दृष्टिपटलाचा प्रकाश टिपणारा थर आठवड्यागणिक पातळ होत जातो. चौघांना एक औषध चालू होतं, चौघांना नुसतं पाणी. कोण कुठल्या गटातला हे स्नेहललाही ठाऊक नव्हतं. ती यादी तिच्या मार्गदर्शक बाईंकडे बंद पाकिटात होती, म्हणजे मोजताना मन वाकडं जायला नको.

"पूर्वी थर बघायचा तर उंदीर मारून डोळा कापायला लागायचा," ती म्हणाली. "दर आठवड्याला आठ उंदीर लागले असते. आता तोच उंदीर, तोच डोळा, बारा आठवडे."

हे कसं होतं, ते तिनं मला समजावलं ते असं: सोनोग्राफीत आवाज आत पाठवून परत आलेला ऐकतात, इथे तेच प्रकाशानं करतात. डोळ्याला न दिसणारा मंद प्रकाश बाहुलीतून आत जातो, प्रत्येक थरावरून थोडा थोडा परततो आणि पडद्यावर आडवा छेद उमटतो. सुरी नाही, स्पर्श नाही. तिनं पहिल्या आठवड्याचं चित्र दाखवलं. खारी बिस्कीट मधोमध मोडावं तसे एकावर एक थर. मग सातव्या आठवड्याचं. त्यातला एक थर निम्म्यावर आला होता.

"अभ्यास संपल्यावर यांचं काय?" मी विचारलं.

तिनं नजर चुकवली नाही. "शेवटी मारावंच लागतं सर, वेदना न देता. चित्रात दिसलं ते खरं का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पडताळायचं असतं. पण शहाण्णवच्या जागी आठ."

मी बारा आठे शहाण्णव मनात पडताळून पाहिले. संस्कृतच्या शिक्षकाला सहसा न जमणारी गोष्ट आहे.

यंत्र मात्र उंदरांचं नव्हतं, माणसांचं होतं. एका नेत्रतज्ज्ञांनी आपलं जुनं यंत्र बारा आठवड्यांच्या बोलीवर दिलेलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांचा टेम्पो यायचा होता. माणसाच्या यंत्रातून उंदराचा इवलासा डोळा बघायचा तर पुढे एक जादा भिंग लागतं आणि ते धरायला बोटभर लांबीची पोलादी नळी. अकरा आठवडे वापरलेली नळी गेल्या आठवड्यात फरशीवर पडून चेपली. नवी करून दिली होती शिरोली एमआयडीसीतल्या आनंदा मेस्त्रींनी, आणि ती त्याच दुपारी हातात आली होती.

काय नळी होती. दागिन्याच्या डबीत ठेवावी अशी. बाहेरून झगझगीत, आतूनही झगझगीत. स्नेहलनं ती यंत्राला लावली, समोर सरावाचा काचेचा नकली डोळा ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली.

थरांच्या बरोबर मधोमध एक पांढरा कंस उमटला होता. तिनं नळी फिरवली, कंसही फिरला. नकली डोळा बदलला, कंस तिथेच.

"आतून पॉलिश केलंय त्यांनी," ती हळूच म्हणाली. "भिंतींवरून उजेड उसळतोय. ज्या थरासाठी सगळं केलं, नेमका तोच झाकला जातोय."

"मग चित्रं दोन दिवसांनी काढली तर?"

"यंत्र उद्या जाणार सर. अकरा आठवडे आहेत, बारावा नाही, असं झालं तर औषध चाललं का नाही, हे मला कधीच सांगता येणार नाही. फरक पडायचा तर शेवटीच पडतो."

शुक्रवारी सकाळी सहाला मी दूधकट्ट्यावर होतो. समोर म्हैस उभी, समोर धार काढतात, फेसाळ पेला तुमच्या हातात. रिकाम्या पोटी जा आणि पांढरा शर्ट घालू नका. नंतर मिसळ खाल्ली. तिखट कमी करा म्हटल्यावर वाढणाऱ्यानं, "पुण्याचं काय?" असं विचारून रस्सा आणखी घातला.

आठ वाजता स्नेहलच्या स्कूटरवर मागे बसून शिरोलीला पोचलो. (एरवी केएमटीची बस आहे, थोडा वेळ धरून निघा.) दोन्ही अंगांना ओतकाम करणारे कारखाने, हवेत तापल्या वाळूचा वास. मेस्त्रींचं शेड छोटं, चार यंत्रांचं. मेस्त्री पन्नाशीचे, मूळ कोडोलीचे, खिशात मोजपट्टी, आणि आवाज असा की लेथ चालू असताना बोलायची सवय बंद असतानाही सुटलेली नाही.

"या मॅडम. बसली न्हवं नळी? आरसा केलाय, आरसा. निम्मी दुपार बफिंगलाच गेली. पैसं त्याचं न्हाय घेतलं."

"मेस्त्री, आतून खरखरीत करायची आहे," स्नेहल म्हणाली. "आणि काळी."

त्यांनी नळी हातात घेतली, आत फुंकर मारली. "कोण म्हंतंय?"

"मीच म्हणते."

"डोळ्याचं काम म्हणून तुमीच सांगितलंसा की. डोळ्याच्या जवळ जाणारी वस्तू खरखरीत असती व्हय? मोतिबिंदूवाल्या डॉक्टरची हत्यारं बघितल्यात मी. लख्ख." मग माझ्याकडे वळून, "तुमी सांगा सर. चांगलं काम नासवायला मशीन लावायचं काय?"

मी संस्कृतचा माणूस. नासवण्याबद्दल मला मत नव्हतं. स्नेहलनं वाद घातला नाही. तिनं नळीच्या तोंडावर भिंग बसवलं आणि त्यांच्या हातात दिली. "दाराकडं धरा. आतून बघा काय दिसतंय."

मेस्त्रींनी एक डोळा मिटून नळी दाराच्या उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. नळी फिरवली, परत धरली.

"रिंगा दिसत्यात," ते म्हणाले. पहिल्यांदाच आवाज खाली आला होता. "एकात एक. दार ऱ्हायलं बाजूला, ह्या रिंगाच डोळ्यात घुसत्यात."

"उंदराच्या चित्रात त्याच उमटतात."

"म्हंजे माझ्या पॉलिशनंच घोळ केला."

मेस्त्रींनी नळी बोटांत खेळवली, मग लेथकडे गेले. "आतनं बारीक आटे पाडतो. उजेड आट्यात आडकून बसंल, भायेर न्हाय यायचा. पर भिंत पातळ हाय. टूल जरा जादा घुसलं तर नळी गेली, आन दुसरी आज व्हणार न्हाय. घेऊ?"

"घ्या."

आटे पाडायला वीस मिनिटं लागली. माझ्या चहावर साय धरली. शेवटच्या फेऱ्याला नळीतून एक बारीक शीळ निघाली, तशी स्नेहलनं माझं मनगट धरलं, तेच वाळ्याचं. शीळ थांबली. मेस्त्रींनी नळी काढून उजेडात फिरवली. "वाचली."

मग शेजारच्या शेडमधल्या टाकीत काळी करायला. तिथून आणल्यावर मेस्त्रींनी सवयीनं तेलाचा डबा पुढे ओढला.

"तेल नको," स्नेहल म्हणाली. "तेल चमकतं. आणि डोळ्यावर थेंब पडला तर?"

"तेलाबिगार गंजंल की."

"पाच वाजेपर्यंत टिकली तरी पुरे."

ते ऐकून माणूस खरोखर दुखावला. त्यांच्या शेडमधून बाहेर गेलेली वस्तू पाच वाजेपर्यंत टिकणारी, हे त्यांना सोसवेना. तरी त्यांनी स्पिरिटनं नळी स्वच्छ पुसली, सुकवली. आम्ही निघणार, एवढ्यात त्यांनी ती परत घेतली आणि बफिंगच्या चाकाकडे चालू लागले.

"मेस्त्री, अकरा वाजलेत."

"आतनं तुमच्या मनासारखी. भायेरनं माझ्या. दोन मिन्टं."

चार मिनिटं लागली.

साडेबाराला पहिला उंदीर झोपवला. बाहुली मोठी करायचे थेंब, मग दर थोड्या वेळानं डोळा ओला ठेवायचे थेंब, खाली ऊबदार गादी. थंडी लागली तर उंदराच्या डोळ्यातलं भिंग तेवढ्यापुरतं दुधाळ होतं आणि चित्र धुरकटतं. माझ्याकडे गादीचं तापमान वाचण्याचं काम होतं. एवढ्या एकाग्रतेनं मी पोथीही वाचलेली नाही.

स्नेहलनं नळी पुढे सरकवली. पडद्यावर थर उमटले, एकाखाली एक, आणि मधे काही नव्हतं. कंस नाही, डाग नाही. तिनं चित्र साठवलं आणि "पुढचा" म्हणाली. सहाव्या उंदरानं मिशी हलवली तेव्हा मीच दचकलो. चार वीसला आठवा झाला. पहिला तोवर जागा होऊन दाणे खात होता. पाचला टेम्पो आला आणि यंत्र गेलं.

शनिवारी मी परतलो, सोबत दोन किलो गूळ आणि सांडग्या मिरच्या. घरी आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंस? महालक्ष्मीचा कळस मी रिक्षातून पाहिला, रंकाळा पाहिलाच नाही. तरी ही सहल लक्षात राहिली ती मेस्त्रींच्या त्या एका नजरेमुळे, नळीतून दाराकडे लावलेल्या. स्वतःच्या उत्तम कामातली खोट स्वतःच्या डोळ्यानं बघून माणूस तासाभरात ते काम मोडतो, हे मी पंडितसभांत फारसं पाहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तीन आठवड्यांनी स्नेहलचा फोन आला. पाकीट उघडलं होतं.

"औषध नाही चाललं सर. दोन्ही गटांचे थर सारखेच पातळ झालेत."

"मामांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, माझ्या डोळ्यात घालायच्या आधी कळलं, ते ब्येस झालं." ती थोडी हसली. "आणि मेस्त्रींना सांगायला शिरोलीला गेले होते. त्यांनी आधी एवढंच विचारलं, नळीत खोट न्हवती न्हवं? म्हटलं, नाही. चित्रं स्वच्छ आली, म्हणूनच तर औषध चाललं नाही, हे छातीठोकपणे सांगता येतंय."

"मग?"

"मग नळी मागून घेतली. म्हणाले, दुसरं औषध येईस्तोवर हितं तेलात ठेवतो. तुमच्याकडं गंजंल."