चांदीची शंकरपाळी

ईरा, नील, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की नव्या डच शाळेत तुमच्या हार्लेमला पडलेल्या वेढ्याचा धडा चालू आहे. तेव्हाच ठरवलं, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांबद्दल आता लिहायलाच हवं.

अख्ख्या कोबे शहरात वस्तू जपणारा असा दुसरा माणूस सापडणार नाही. दुधाचा रिकामा खोका कचऱ्यात द्यायचा तरी काका तो धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखा सपाट करून देतात. मग त्यांच्याकडच्या, तुमच्या त्याच वेढ्यातल्या नाण्याचं काय विचारता! काका मोत्यांच्या पेढीत नोकरीला असताना एका डच व्यापाऱ्याने निरोप घेताना ते त्यांना दिलं. स्पॅनिश सैन्याने वेढलेल्या गावात पैसा संपला, तेव्हा घराघरातली चांदी गोळा करून तिचे चौकोनी तुकडे कापले आणि त्यांवर गावाचा शिक्का मारला, तलवार आणि चांदण्यांचा. ते बघायचं तर आधी साबणाने हात धुवायचे, मग श्वास रोखून वाकायचं. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "नाणं कसलं, करपलेली शंकरपाळी आहे ती!"

काकांना मूलबाळ नाही. आपल्यामागे हे कोण सांभाळणार, हा त्यांना एकच घोर. काही वर्षांपूर्वी ओसाकाचे एक संग्राहक ते घ्यायला तयार झाले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते. इकडे काकूंनी पूजेसाठी घरातली चांदी काढली आणि त्या काळ्या तुकड्याचीही त्यांना दया आली. चिंच लावून लख्ख घासला आणि हळदकुंकू वाहिलं. तबकाकडे बघून काका कळवळले.

"अगं, साडेचारशे वर्षांचा काळेपणा होता तो!"

"मग? कुणीतरी घासायलाच हवं होतं ना!"

पाहुण्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला, शंकरपाळ्यांची तारीफ केली आणि नाणं न घेता गेले. नंतर आठवडाभर काका काकूंशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते. "वहिनी, हिला सांगा, आमटीत मीठ कमी आहे." पण पुढच्या दिवाळीपासून त्यांनी स्वतःच नाणं तबकात ठेवायला सुरुवात केली.

या वसंतात काकू गेल्या. काल मी काकांना तुमच्या धड्याचं सांगितलं आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "गाव तेव्हा हरलं हो वहिनी, पण देश उभा राहिलाच. माझ्यामागे हे तिथेच जाऊ दे. मुलं सांभाळतील?" तुमच्या वतीने मी हो म्हटलंय. नाण्यावरच्या शिक्क्यात काहीतरी लागलेलं दिसलं, म्हणून पुसायला मी पदर पुढे केला, तर ओरडले, "हात लावू नका!"

तलवारीच्या मुठीपाशी काकूंचं कुंकू अजून आहे.