न ऐकलेला शब्द

दस्तगीर मास्तर मूळचा मागावरचा कामगार. सोलापुरात बारा वर्षं चादरी विणल्या, छातीत सुताची धूळ बसली, आन् डॉक्टरनं बजावलं की परत कारखान्यात गेलास तर जगणार न्हाईस. ल्हानपणी एका उस्तादाकडं अरबी व्याकरण शिकला हुता, म्हणून आमच्या पोरींच्या शाळेनं त्याला मास्तर केला, पन हंगामी. मी तिथं शिपाई. माझं स्टूल त्याच्या वर्गाच्या दाराशी, त्यामुळं या होटगीच्या नागनाथालाबी थोडं अरबी चिकटलं.

क्रियापदाचं नाम कसं हुतं, हे मास्तर लई जीव लावून शिकवायचा. अक्षरं वाढवलेल्या क्रियापदांचा साचा ठरलेला. 'इकरार' आन् 'इन्कार' एकाच साच्यातले. पन साध्या तीन अक्षरी क्रियापदाला नेम न्हाई. 'जुलूम' एका साच्यातला, तर 'कबूल' दुसऱ्या. ते उस्तादाच्या तोंडून ऐकायचं आन् पाठ करायचं. जे ऐकलं न्हाई ते बोलायचं न्हाई, अशी त्याच्या उस्तादाची शिस्त.

चौऱ्याहत्तर साली पुण्याहून तपासणीस आले. मास्तरला कायम करायचा का काढायचा, ते त्याच दिवशी ठरणार हुतं. वर्ग पोरींनी भरलेला, मी दारात उभा. तासभर मास्तर धडाधड उत्तरं देत गेला. मग साहेबांनी कागदात बघून एक आडवळणी तीन अक्षरी क्रियापद काढलं आन् त्याचं नाम विचारलं. मास्तरनं हातातला खडू खाली ठेवला. हेडबाई डोळ्यानं खुणावत हुत्या, कायतरी बोला. अरे बाबा, चार-पाच साचे तर नेहमीचे, दे की ठोकून एक!

"हे मी ऐकलेलं नाही," मास्तर म्हणाला.

साहेब म्हणाले, अंदाजानं सांगा. मास्तरनं मान हलवली. साहेबांनी वहीत काय ते लिहिलं आन् उठले.

फाटकाशी मी त्याला गाठला आन् चांगलाच फैलावर घेतला. घरात बायको-पोरं, छाती अशी, आन् वर तुमचा हा ताठा! साहेबाला तरी कुटं येत हुतं, कागद बघून तर विचारत हुता.

"साहेबाला कळलं नसतं, नागनाथ," मास्तर म्हणाला. "पण चाळीस पोरी ऐकत होत्या. मास्तरच्या तोंडून ऐकलं म्हणून त्यांनी जन्मभर तेच खरं धरलं असतं."

सोमवारी तो परत मागावर गेला. पुढच्या उन्हाळ्यात आमी त्याला मातीला नेला. मला अजून त्याचा राग येतो, आन् रडूबी.