सुभेदारांच्या वाफेचा बंदोबस्त

अख्ख्या सातारा जिल्ह्यात बाथरूमवर आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यातला थोडा जीव त्यांनी माणसांवर लावला असता तर त्यांच्या घरी पाहुण्याला आंघोळीची धास्ती वाटली नसती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि उंब्रजला, थोरल्या भावाच्या घराला जवळजवळ खेटून, मधे एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढा बोळ ठेवून बंगला बांधून राहिले. गाव त्यांना सुभेदार म्हणतं. घरातही सगळे सुभेदारच म्हणतात. फक्त त्यांची बायको, म्हणजे आमची आक्का, 'आवं' म्हणते, आणि तिच्या 'आवं'मध्ये कौतुकापेक्षा दमलेपणा जास्त असतो. हमरस्त्याची धूळ आत येऊ नये म्हणून सुभेदारांनी बहुतेक खिडक्यांना उघडणाऱ्या काचाच बसवल्या नाहीत. घर नवीन होतं तेव्हा ते अभिमानाने सांगायचे, की आपल्या बंगल्यात बाहेरची माशीसुद्धा परवानगीशिवाय येत नाही. आतली हवासुद्धा परवानगीशिवाय बाहेर जात नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

नोकरीतली पुष्कळ वर्षं त्यांनी बर्फाच्या मुलखात काढली. तिथे गोठत असताना त्यांनी म्हणे शपथ घेतली होती, की घरी गेल्यावर उरलेला जन्म कढत पाण्यानेच आंघोळ करायची. शपथ त्यांनी तंतोतंत पाळली. गच्चीवर सोलर बसवला, झोपण्याच्या खोलीला लागून बाथरूम बांधली आणि रोज सकाळी ते तिच्यात असे शिरायचे की पुन्हा दिसतील की नाही याची शंका यावी. बाहेर यायचे तेव्हा इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ आधी यायची आणि तिच्यामागून लालबुंद सुभेदार यायचे. भिंतींना घाम फुटलेला, आरसा आंधळा झालेला, छतावरून थेंब टपकतायत. "बर्फात ऱ्हायलो, आता वाफेत ऱ्हानार," असं म्हणत ते चहाला बसायचे.

या वाफेला बाहेर जायला मुळात एक वाट होती. बाथरूममध्ये वरच्या अंगाला, बोळाच्या बाजूने, तिरप्या काचपट्ट्यांची छोटी खिडकी होती. बोळापलीकडे बरोबर त्यांच्या थोरल्या भावाच्या, आण्णांच्या स्वयंपाकघराची खिडकी. आण्णा हा शेतात राबलेला, कमी बोलणारा माणूस. बायको वारलेली, मुलं पुण्याला. एकदा बोलता बोलता आण्णा एवढंच म्हणाले, "गड्या, तुज्या मोरीची वाफ माज्या सैपाकघरात येती." दुसऱ्या कुणी हे ऐकून घेतलं असतं, हसण्यावारी नेलं असतं, फार तर पाणी जरा कमी तापवलं असतं. सुभेदारांनी त्याच दिवशी गवंडी बोलावला आणि ती खिडकी विटांनी बुजवून वर प्लास्टर केलं. "आमची वाफसुद्धा कुनाच्या दारात जानार न्हाई," असं त्यांनी बोळाकडे तोंड करून, पलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. लग्नकार्यात शेजारी शेजारी पंगतीला बसले तरी वाढप्याला मधे घालून बोलायचे. "त्यांना भात वाढा," असं एक म्हणायचा आणि "त्यांनाच आधी वाढा," असं दुसरा. वाढप्याच्या हातातला भात गार व्हायचा.

खिडकी बुजली आणि बाथरूममध्ये बुरशी आली. आधी कोपऱ्यात काळे ठिपके, मग छतभर. सुभेदारांनी तिला रोग न मानता घुसखोर मानलं आणि त्याच भाषेत कारवाई सुरू केली. चुना मारून झाला, ब्लीचिंगचं पाणी मारून झालं, महागाचा वॉटरप्रूफ रंग झाला. त्या रंगाखालून बुरशी जुन्याच जागी, जुन्याच आकारात पुन्हा वर आली. मग वाटीत खडेमीठ, कापराच्या वड्या, कडुनिंबाची धुरी. त्या धुरीने बुरशीला काही झालं नाही, आक्काला मात्र खोकला लागला. खरं तर खोकला आधीच लागलेला होता. ती पायऱ्या चढताना थांबायला लागली होती, रात्री उशाला दोन उशा घेऊन टेकून झोपत होती. सुभेदारांचं म्हणणं, बुरशी आण्णाच्या भिंतीतून येते. दोन घरांच्या भिंती कुठे एकमेकींना टेकतसुद्धा नाहीत, हे मी दाखवून दिलं तेव्हा ते म्हणाले, "पाव्हनं, तुमी कधी बॉर्डर बघितली न्हाई."

त्याच सुमारास आम्ही दिवाळीला त्यांच्याकडे गेलो आणि मला वायपरची ऑर्डर कळली. आंघोळ झाली की प्रत्येकाने अंग पुसण्याआधी भिंती पुसायच्या, वरून खाली, दाराकडून सुरुवात करून. मग सुभेदार स्वतः आत जाऊन मुआयना करणार. मी अभ्यंगस्नान उरकून, पंचा गुंडाळून, कुडकुडत दाराबाहेर उभा, आणि हे आत भिंतीवर बोट फिरवतायत. "पाव्हनं, नळाच्या मागची बाजू ऱ्हायली," असं म्हणत त्यांनी वायपर पुन्हा माझ्या हातात दिला. कानामागे राहून गेलेलं उटणं वाळून चुरचुरत होतं. बाहेर पोरांचे फटाके उडत होते, फराळाचं ताट वाट बघत होतं आणि मी ओलेत्याने एका सुभेदाराच्या नजरेखाली टाइल्स पुसत होतो. त्यानंतर सणाला उंब्रजला जायचं निघालं की मी घरूनच आंघोळ करून जायला लागलो.

शेवटी कराडच्या डॉक्टरांनी आक्काला तपासलं आणि सुभेदारांना समोर बसवून सांगितलं, की ही ओल आणि ही बुरशी घरातून गेली नाही तर ह्यांचा दमा काही हटणार नाही. कोंडलेली हवा बाहेर काढा. आता एवढं स्पष्ट सांगितल्यावर दुसरा माणूस त्याच संध्याकाळी हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा आणील. सुभेदारांनी अभ्यास हाती घेतला. कराडची दुकानं झाली, साताऱ्याची झाली, सांगलीला विश्रामबागेत त्यांची मुलगी राहते तिथली झाली. पंखा किती मोठा हवा, दारासमोरच्या भिंतीत वर का हवा, दाराखाली फट का ठेवायची, बंद असताना पट्ट्या मिटणाऱ्या जाळीचा फायदा काय, आंघोळ झाल्यावर तो आणखी किती वेळ चालू ठेवायचा, हे सगळं त्यांना पाठ झालं आणि भेटेल त्याला ते ऐकवायला लागले. त्यांनी खिशात उदबत्ती आणि काडेपेटी ठेवायला सुरुवात केली. कुणाच्याही घरी गेले की बाथरूममध्ये जाऊन उदबत्ती पेटवायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. मुलीच्या सोसायटीत त्यांनी एवढ्या बाथरूम तपासल्या, की एका बाईंनी त्यांना पालिकेचा माणूस समजून नळाची तक्रार सांगितली.

कवठे महांकाळला आमच्या एका नात्यातल्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, आणि सुभेदार जागेवर नाहीत. ते बाथरूममध्ये उदबत्तीसह होते. बाहेर आले ते अगदी भारावून. मुलीच्या वडिलांचा हात हातात घेऊन म्हणाले, "लय भाग्यवान हाय तुमी. भिंती कशा कोरड्या ठनठनीत. हितं बुरशीला जगाय काय बी न्हाई." ज्या घरात महिनाभर पाण्याच्या टँकरची वाट बघत होते त्या घरात हे बोलले. मुलीचे वडील शांत माणूस. ते म्हणाले, "बुरशीला न्हाई आन आमाला बी न्हाई." ती सोयरीक जमली नाही. सुभेदार परतीच्या वाटेवर उंब्रजपर्यंत त्या भिंतींबद्दल बोलत होते, आणि मागच्या सीटवर आक्का खिडकी उघडी ठेवून, पदर तोंडाला लावून खोकत होती.

अखेर पंखा आला. उत्तम पंखा, सगळ्या गावाच्या माहितीत सर्वांत अभ्यासपूर्वक घेतलेला पंखा. आणि तो बसवताना सुभेदारांनी जे केलं ते कुठल्या अडाणी माणसाच्या हातून झालं नसतं. त्याला एक्झॉस्टचा पूर्ण अभ्यास लागतो आणि शिवाय भाऊबंदकी लागते. बाथरूमची बाहेरची भिंत एकच, बोळाकडची. पंखा तिथेच बसणार. म्हणजे हवा आण्णांच्या स्वयंपाकघराकडे जाणार. आपली वाफ त्यांच्या दारात जाणार नाही, असं तर सगळ्या आळीला ऐकवलेलं. आता वाफ सोडायची म्हणजे आण्णांना एकदा विचारायला हवं, आणि विचारायचं म्हणजे हार. तेव्हा सुभेदारांनी पंखा उलटा बसवला. बाहेरची हवा आत घेणारा. इलेक्ट्रिशियन दोनदा म्हणाला, "सुभेदार, उलटं व्हतंय." "हवा हालल्याशी कारन," सुभेदार म्हणाले, "हिकडून काय न् तिकडून काय."

फरक पहिल्याच सकाळी कळला. आण्णा एकटे, त्यांचा स्वयंपाक सकाळीच. अंगाला चंदनाचा साबण लावून उभ्या असलेल्या सुभेदारांवर पंख्याने सुकटीची फोडणी आणून ओतली. आंघोळ करून ते बाहेर आले तेव्हा आक्काने नाकाला पदर लावला. मग हे रोजचंच झालं. काही दिवसांनी तर सुभेदार चहाला बसल्यावर, कुणी न विचारता, भिंतीकडे बघून सांगायला लागले, "आज बी पिठलंच. आन करपवलंय." एवढंच म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे. तिकडे आत येणाऱ्या हवेने बाथरूममधली सगळी वाफ ढकलत ढकलत झोपायच्या खोलीत नेली. कपाटामागची भिंत काळी झाली. गाद्यांना कुबट वास यायला लागला. आक्काच्या लग्नातल्या शालूवर पांढरी बुरशी चढली. शालू तिने उन्हात वाळत टाकला. पण एका पहाटे तिचा श्वास असा अडकला की तिला अंगणात आणून बसवावं लागलं. उजाडल्यावर तिने पिशवी भरली आणि सरळ साताऱ्याला आमच्याकडे निघून आली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "पंखा सरळ झाला की निरोप धाडा. मला तुमच्या मानापायी मरायचं न्हाई."

आमच्याकडे तिचा खोकला उतरला. सुभेदारांचे फोन मात्र चढत गेले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. जेवणाचं विचारायचे, औषधाचं विचारायचे, पंख्याचं बोलायचे नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. फोनवर स्पष्ट सांगितलं, की बायको हवी की बोळ, ते ठरवा.  तेव्हा सुभेदार म्हणाले, "पाव्हनं, तुमी यायचं हितं. मला एकट्याला जमायचं न्हाई." लढाईवर गेलेला माणूस, आणि शेजारच्या घरी जायला त्याला सोबत हवी होती.

मी गेलो. ते कडक इस्त्रीची पँट आणि बूट घालून तयार होते. बोळाला वळसा घालून आम्ही आण्णांच्या ओसरीवर गेलो. आण्णा मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. सुभेदार सावधान उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हनं, त्यांना सांगा, आमचा पंखा बाहेरच्या अंगाला फिरवायचा हाय. वाफ हिकडं येईल." आण्णा दोन फुटांवर बसलेले. त्यांनी मेथीची काडी मोडली आणि मलाच विचारलं, "पाव्हनं, त्याला इचारा, तुमच्या आक्काला कसं वाटतंय आता?"

सुभेदारांनी माझी वाट बघितली नाही. "हितं तिला दम लागतोय, आण्णा," ते थेट म्हणाले. 

"मग फिरीव की रं," आण्णा म्हणाले. "वाफ येती येवढंच म्हनलो हुतो मी. बंद कर म्हनून कवा म्हनलो?" थोडा वेळ मेथी निवडून झाल्यावर ते पुढे म्हणाले, "खिडकी बुजवलीस आन तुज्या घरचं काय बी ऐकाय येईना झालं. पंखा हिकडं तोंड करून वाजला तर कळंल तरी, कोनतरी उठलंय म्हनून."  सुभेदार खाली बसले आणि मेथी निवडायला लागले. वाईट निवडत होते, देठासकट टाकत होते. आण्णा त्यातले देठ वेचून काढत होते.

पंखा फिरला. आक्का परत गेली. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना उघडणाऱ्या काचा बसल्या, भिंती खरवडून नवा रंग झाला, तिची एक उशी कमी झाली. वायपरची ऑर्डर अजून आहे आणि मी अजून घरूनच आंघोळ करून जातो. दोघे भाऊ फार बोलतात असंही नाही. मुळात दोघांनाही बोलण्याची सवय नाही, आणि जी वर्षं गेली ती आता कुणी भरून देत नसतं.

परवा एका कामासाठी उंब्रजला मुक्काम पडला. पहाटे दचकून जागा झालो. ट्रॅक्टर घरात शिरल्यासारखा आवाज येत होता. उठून बघितलं तर बाथरूममध्ये नवाच पंखा, आणि तो सगळी भिंत हादरवत सुरू. आत कुणी नाही, फरशी कोरडी. सुभेदार दाराशी स्टूल टाकून बसले होते. मी विचारलं, चांगला पंखा होता, तो काढून हे धूड कशाला बसवलंत? आणि आंघोळ न करता चालू कशाला?

"दुकानातला सगळ्यात जास्त वाजनारा हाय," ते म्हणाले, आणि बोळाकडच्या भिंतीकडे बघत राहिले. "आण्णाला अलीकडं कमी ऐकाय येतंय."