होटगीच्या पाटीवरची उंची

"आदी आपुण कुटं उबं हाय, ते सांगा की," असे म्हणून ते टाचेने गच्चीवर ठोका देत आणि मगच कॅमेऱ्याला हात लावीत.

होटगीचे हे निवृत्त स्टेशनमास्तर. दिवेलागणीला उपग्रह आकाशातून सरकू लागला की ते ताऱ्यांसह त्याचे छायाचित्र घेत आणि वेळ व जागा नोंदवून कक्षा काढणाऱ्यांकडे पाठवीत. बघणाऱ्याची जागा चुकली तर कक्षाही चुकते, हे आमच्या सोलापूरच्या आकाशनिरीक्षक मंडळाला त्यांनीच शिकवले. मीही ते भरपूर भांडून मगच मान्य केले.

या कामासाठी मंडळाने केलेल्या त्यांच्या सत्काराविषयी तुम्ही काहीबाही ऐकले असेल. कोणी म्हणतो, त्यांची चूक दुसऱ्याने पकडली. कोणी म्हणतो, त्यांचे डोके फिरले. हे सांगणारे सभागृहात नव्हते. मी पहिल्या रांगेत होतो.

शाल खांद्यावर पडण्याआधीच त्यांनी ती हाताने अडवली. "थांबा. माज्या नोंदींवरनं काडलेल्या समद्या कक्षा चुकल्यात."

मी ताडकन उभा राहिलो. "हरकत आहे!" असे ओरडलोही. वकिलीची सवय.

गच्चीची उंची त्यांनी होटगी स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरून धरली होती. ती समुद्रसपाटीपासूनची. उपग्रहांचा हिशेब मात्र पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून उंची मोजतो आणि आपल्याकडे दोहोंत कित्येक मीटरचा फरक पडतो. आदल्याच दिवशी तो त्यांना स्वतःला दिसला होता. कक्षा पुन्हा काढा, असे त्यांनी कळवूनही टाकले होते.

रेल्वेने खोटी पाटी लावलीच कशी, असे मी भर सभेत विचारले.

"पाटी खोटी न्हाय, वकीलसायेब," ते म्हणाले. "तिला आपुणच भलतं इचारलं."

त्यानंतर लाजेने त्यांनी आकाश सोडले म्हणे. साफ खोटे. दुसऱ्याच संध्याकाळी ते गच्चीवर होते. साक्षीदार मी आहे. ठोका द्यायला त्यांनी टाच उचलली आणि ती तशीच अधांतरी राहिली. मग पाऊल हलकेच टेकवले.

"वकीलसायेब, आता तरी मी हितंच हाय न्हवं?"

आयुष्यभर इतरांची उलटतपासणी घेतलेला मी. मला उत्तर देता आले नाही.

आता ते नाहीत. गच्चीवर कॅमेऱ्याच्या स्टँडचे ठसे तेवढे उरले आहेत. काल उपग्रह गेला, तेव्हा मी त्या ठशांपाशी उभा होतो. जवळ कोणी नव्हते. टाच ठोकली आणि मोठ्याने म्हणालो, "हितंच हाय, मास्तर."